टोपाचा कौल

नाटकाशी संबंध असलेल्या माणसाने लिहायला घेतलं की वाचणाऱ्याला वाटतं, आता नटांच्या गमती येणार. कोण भाषण विसरला, कोणाची मिशी ऐन लढाईत निसटली. तसल्या गोष्टी माझ्यापाशी पोतंभर आहेत आणि त्या मी हॉटेलात बसून फुकट सांगतो. दिवाळी अंकासाठी मात्र वेगळंच काहीतरी मनात घोळतंय. गेले कित्येक दिवस ते लिहायला बसतो, उठतो, अंगणात दोन फेऱ्या मारतो, परत बसतो. बायको म्हणते, तुमच्या अंगात मुंगळे शिरलेत. ते जन्मापासूनच आहेत, हे तिलाही ठाऊक आहे.

माझा धंदा टोपांचा. टोप म्हणजे नाटकात घालायचे केस. डिचोलीच्या बाजारात माझं दुकान होतं. आता मुलाने तिथे मोबाइल मांडलेत. आमच्या बाजूला ज्या गावात देऊळ आहे तिथे नाटक आहे, आणि देऊळ नाही असं गाव नाही. दिवाळी सरली की उत्सव सुरू होत, ते थेट होळीच्या शिगम्यापर्यंत. गावातली माणसंच नाटक करत. शेतकरी, मास्तर, खाणीवरचे कामगार, सगळे त्या दिवसापुरते राजे आणि सरदार होत. त्यांचे कपडे, तलवारी दुसरा पुरवी. डोकी माझ्याकडे.

टोप कसा करतात ते थोडक्यात सांगतो. कवटीच्या मापाची जाळी घ्यायची आणि तिच्यावर आकड्याने एकेक केस गाठवायचा. अक्षरशः एकेक. एका टोपाला महिना महिना लागे. माझ्यासारख्या चुळबुळ्या माणसाला हे काम कसं जमलं असं लोक विचारत. अहो, म्हणूनच जमलं. हात रिकामे राहिले असते तर मी कोणाचा तरी गळा धरला असता. टोप डोक्यावर चढवला की कपाळावरची कड गोंदाने चिकटवायची. नाटक संपलं की ती स्पिरिटने सोडवायची, टोप आतून पुसायचा, उन्हात घालायचा आणि कापूर टाकून पेटीत ठेवायचा. यात हयगय केली की एकाच्या डोक्यावरची दाद, म्हणजे नायटा, दुसऱ्याच्या डोक्यावर जाते. माझ्या गुरूंच्या काळी एका टोपाने अर्ध्या सैन्याला दाद दिली होती. तेव्हापासून त्यांनी मला स्पिरिटच्या बाबतीत असं झोडपलं की आजही मी दार उघडण्याआधी हात पुसतो.

तर डोकी. तरुण मुलांच्या डोक्यावर मध्येच केस का नाहीसे होतात याचं पुष्कळ ज्ञान या धंद्यात आपोआप होतं. दाद असेल तर कोंडा सुटतो, खाज असते, केस तुटून खुंट राहतात. टायफॉइडनंतर सगळंच डोकं विरळ होतं. शिरगावच्या खाणीवरचा एक टिप्पर ड्रायव्हर माझ्याकडे यायचा, त्याच्या उजव्या कानावर केसांचं पार ओसाड रान झालं होतं, वेडंवाकडं. मला उमगेना. एकदा त्याच्या शेजारी बसून खाणीपर्यंत गेलो. माती भरायला गाड्यांची रांग लागलेली आणि हा बाबा रांगेत बसून बोटाला केस गुंडाळतोय आणि उपटतोय. मी हात धरला तेव्हा तोच दचकला. आपण हे करतो याचा त्याला पत्ताच नव्हता. पुढे तो एका हातात विडी धरून बसायला लागला, तर विडी वाढली आणि केस आले. कुठला रोग बरा केला म्हणायचं ते देवच जाणे.

आणि मग चाई. चाई म्हणजे गोल, रुपयाएवढा चट्टा. खाज नाही, कोंडा नाही, दुखणं नाही. कातडी अशी गुळगुळीत, जणू तिथे केस कधी उगवलेच नव्हते. काल होते आणि आज नाहीत. म्हातारी माणसं म्हणत, झुरळ चाटून गेलं, किडीने खाल्ले. कोणी लसूण चोळी, कोणी कांदा.

लाटंबार्शे गावच्या उल्हासला ही चाई पडली, आणि ती माझ्या टोपानंतर पडली.

तो काळच अस्वस्थ होता. गोव्याची राजभाषा मराठी की कोंकणी, यावरून आंदोलन पेटलेलं. आज बस आहे तर उद्या रस्त्यावर झाड आडवं. गावोगावच्या तालमीत यंदा नाटक मराठीत करायचं की कोंकणीत यावर भांडण, आणि ते भांडण अर्थातच कोंकणीत. लाटंबार्शाला शेवटी ऐतिहासिक नाटक ठरलं, मराठीतच, आणि उल्हास त्यात सेनापती. पंचविशीच्या आतला, देखणा पोर. बापाची, म्हणजे जयरामबाबांची, काजूची बाग आणि थोडी भातशेती. हा खाणीवर टाइमकीपर. पेडण्याकडच्या हळर्ण गावातली मुलगी सांगून आलेली, शुभांगी नावाची, आणि लग्न जवळजवळ ठरलेलं. त्याच्यासाठी मी मानेपर्यंत रुळणारा टोप बसवला. गावात म्हणाले, टोपाने पोराचं सोनं केलं.

पुढे काही आठवड्यांनी न्हाव्याने त्याचे केस कापता कापता हात थांबवला. मागे, टोपाची कड जिथे बसते त्याच्या जरा वर, गोल चट्टा. मग दुसरा. बातमी डिचोलीला यायला बस लागत नाही. "नानूबाबाच्या टोपान चाई लागता" हे वाक्य माझ्या दुकानासमोरच्या चहाच्या टेबलावर माझ्यादेखत बोललं गेलं. नानूबाब म्हणजे मी. मये गावचं नाटक ठरलेलं होतं, त्यांनी निरोप पाठवला, टोप नकोत, यंदा फेटे बांधू. मग आणखी एक गाव. शिगमा तोंडावर आलेला.

खरं सांगतो, मला भीती वाटली. टोप मी स्वतः पुसला होता, तरी मन म्हणे, पुसला होतास ना रे नक्की? दाद टोपातून जाते हे मला माहीत होतंच. मग चाई का जाणार नाही? मी तो टोप पेटीतून काढून खिडकीत धरी, आत बघे, परत ठेवी. जेवणावरून उठून परत बघे.

शेवटी मी उल्हासला घेऊन म्हापशाला त्वचेच्या डॉक्टरकडे निघालो. सोबत पेटीत टोप. वाटेत रस्ता अडवलेला, अर्धी वाट चालत. उल्हास डोक्याला रुमाल बांधून माझ्या पुढे चालला होता आणि मी मागून त्या रुमालाकडे बघत होतो. डॉक्टरांनी रुमाल सोडायला लावला आणि ते भडकलेच. घरच्यांनी चट्ट्यांवर काजूच्या सालीचं तेल लावलेलं. ते हाताला लागलं तरी कातडी जळते, आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत. पण घाबरलेल्या आईबापांना काय माहीत असतं आणि काय नाही, ते सांगता येत नाही. फोड आलेले. डॉक्टरांनी ते निवेपर्यंत थांबायला सांगितलं आणि परत बोलावलं.

दुसऱ्या खेपेला त्यांनी कडेची कातडी खरवडून काचेवर घेतली, यंत्रातून पाहिली, मग माझा टोपही टेबलावर घेऊन उलटसुलट केला. बाहेर बसलेल्या एका बाईने पडद्याच्या फटीतून ते पाहिलं आणि ती उठून गेली. डॉक्टर म्हणाले, ही दाद नव्हे. ही चाई. ती टोपाने होत नाही, कंगव्याने होत नाही, कोणाची कोणाला लागत नाही. शरीर आपल्याच केसांच्या मुळांवर उलटतं. का उलटतं ते नीटसं कोणाला ठाऊक नाही. काही घराण्यांत असते, काहींत नसते. मी विचारलं, केस परत येतील ना? ते म्हणाले, बहुतेकांचे येतात. याचे येतील असं मी लिहून देणार नाही. मला त्यातलं पहिलं वाक्यच ऐकू आलं. उल्हासला दुसरं ऐकू आलं असावं, कारण परतीच्या वाटेवर तो रुमालाची गाठ पुन्हा पुन्हा आवळत राहिला.

डॉक्टरचं म्हणणं गावाला पटलं नाही. का पटावं? डॉक्टरकडे पोराला टोपवाल्यानेच नेलेलं. म्हणून मग आमच्याकडे जे करतात ते केलं. कौल लावला.

बाहेरच्यांना सांगायला हवं. गावाचा वाद सुटेना की देवाला विचारतात. भटजी देवाच्या मूर्तीवर ओल्या फुलांच्या पाकळ्या लावतो, गावकऱ्यांतला मानकरी प्रश्न मांडतो. उजवीकडची पाकळी पडली तर एक उत्तर, डावीकडची पडली तर दुसरं. नाटक ही देवाची सेवा, तेव्हा नाटकाच्या टोपाचा निवाडा देवाने करावा यात कोणाला काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही. सकाळी देवळात मी खांबाला टेकून उभा. प्रश्न असा: टोपात दोष असेल तर डावी पाकळी दे, नसेल तर उजवी. मी पायाची बोटं आवळून उभा. भटजींनी दोनदा गाऱ्हाणं घातलं आणि उजवीकडची पाकळी सुटून खाली आली.

मला किती आनंद झाला ते लपवत नाही. चौकातल्या हॉटेलात बसून मी पातळभाजी आणि दोन उंडे पाव खाल्ले, आणखी एक मागवला, ओळखीच्या अनोळखीच्या सगळ्यांशी बोललो. मये गावचा माणूस तिथेच टोपाचं नक्की करून गेला.

दोन-तीन दिवसांनी दुपारी जयरामबाब दुकानात आले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. हातातली टोपी फिरवत उभे.

"देवान तुमकां सोडयले, नानूबाब," ते म्हणाले. "आमकां कोण सोडयतलो?"

मला कळेना. मग त्यांनी सांगितलं. टोपात दोष नाही असं देवाने सांगितलं, म्हणजे दोष पोरात आहे, असा हळर्णकरांनी अर्थ काढला. टोपामुळे झालं असतं तर बाहेरचं दुखणं, आज आहे, उद्या जाईल. आता ते रक्तातलं ठरलं. मुलीच्या बापाने, आत्मारामबाबांनी, बोलणी थांबवली होती. उल्हास कामावर जाईनासा झाला होता. घरात अंधाऱ्या खोलीत बसून डोक्याला हात लावून बघायचा.

जयरामबाबांचं मागणं साधं होतं. मी हळर्णला जावं आणि सांगावं की टोपानेच झालं. "टोपाचें जालें तर धुवन वता," ते म्हणाले. "रगताचें जालें तर खंय वतलें?" म्हणजे रक्तातलं धुऊन कुठे जाणार.

मी नाही म्हटलं. कारणं दिली: देवाच्या कौलाविरुद्ध कसं बोलू, खोटं कसं बोलू. सगळी कारणं खरी होती आणि सगळ्यांच्या खाली एकच होतं, माझं पोट. ते मान हलवून गेले. रागावले असते तर बरं झालं असतं.

त्यानंतर माझ्या हातून गाठ बसेना. केस सुटायचे, आकडा बोटात शिरायचा. कारण मला एक गोष्ट ठाऊक होती, जी कोणालाच ठाऊक नव्हती, बायकोलाही नाही. तरुणपणी, गुरूंकडे काम शिकायच्याही आधी, मला स्वतःला चाई पडली होती. तीन चट्टे. मी टोपी घालून हिंडलो, लग्नकार्यं टाळली, आरशाशी भांडलो. वर्षभरात केस परत आले, आधी पांढरे, लव असावी तसे, मग काळे. हे हळर्णला सांगितलं तर मुलीच्या बापाला डोळ्यांनी बघता येईल की चाई पडलेला माणूस नांदतो, संसार करतो, डोक्यावर टोपली उपडी घालावी एवढे केस घेऊन फिरतो. पण हेच डिचोलीत कळलं तर? टोपवाल्यालाच चाई होती, मग ती कुठून आली हे वेगळं सांगायला नको. कौलाची पाकळी गेली वाऱ्यावर.

एका रविवारी मी हळर्णला गेलो. ठरवून गेलो असं म्हणवत नाही. दुकानात बसवेना म्हणून उठलो आणि पेडण्याच्या बसमध्ये चढलो.

आत्मारामबाब अंगणात सुपाऱ्या वाळत घालत होते. मी कोण ते सांगितलं, आणि पाणी यायच्या आधीच माझ्या चाईसकट सगळं ओतून मोकळा झालो. त्यांनी हातातल्या सुपाऱ्या खाली ठेवल्या आणि माझ्या डोक्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "बसा हांगा, उन्हांत. बगूंया." मी अंगणात पाटावर मान खाली घालून बसलो आणि त्यांनी माझे केस दोन्ही हातांनी वेगळे करून इंच इंच तपासले. मी हजारो डोकी अशी पाहिली, माझं कोणी असं पाहिलं नव्हतं. "खंय जाल्ली?" ते विचारत, आणि मी बोट लावून दाखवी.

दारात मुलगी उभी होती, शुभांगी. बापाने तिला आत जायला सांगितलं नाही.

"उल्हासाचे केंस येतले?" आत्मारामबाबांनी विचारलं.

"येतले," मी म्हटलं. "माजे आयले तशे."

तेव्हा ती बोलली. चाई लागते का, पोरांना होते का, यातलं काही तिने विचारलं नाही. तिने विचारलं, "दुखता?"

"ना गो बाये," मी म्हटलं. "लज जाता, तितलीच."

लग्न वैशाखात झालं. मी गेलो होतो. फेट्याखाली चट्टे दिसत नव्हते, आणि नवरा मुलगा हसत होता.

माझं म्हणाल तर हळर्णचं बोलणं डिचोलीत पोचलं आणि जे व्हायचं ते झालं. टोपवाल्याने स्वतःची चाई लपवून देवालाही फसवलं, असं बोललं गेलं. पुढचे दोन मोसम मी शाळांच्या संमेलनांवर काढले. पोरांना दाढ्या लावायच्या, वनदेवीला फुलांचा मुकुट. बायको आठवडाभर बोलली नाही. चाईसाठी नव्हे, हळर्णच्या अनोळखी माणसाला आधी सांगितलं म्हणून. मधल्या काळात गोवा राज्य झालं, मिरवणुका निघाल्या, त्यात लागणारे टोप माझ्याकडूनच गेले. लोक विसरतात. हळूहळू गावं परत आली.

उल्हासचे केस आले नाहीत.

आधी आले. पांढरी लव आली तेव्हा जयरामबाब मुद्दाम सांगायला आले होते. मग ती गळली. मग चट्टे एकमेकांना मिळाले. राज्य झालं त्या वर्षाच्या अखेरीस त्याच्या डोक्यावर केस नव्हता, आणि भुवयाही जात होत्या. तो माझ्याकडे आला, नाटकासाठी नव्हे, रोज घालायला टोप मागायला. अंगणातलं माझं "येतले" त्याला कोणीतरी सांगितलं असणारच. त्याने त्याचा उल्लेख केला नाही. मला मात्र तो शब्द रोज आठवे. मी माझं डोकं पुरावा म्हणून नेलं होतं. ते माझ्यापुरतं खरं होतं, त्याच्यापुरतं नव्हतं, आणि त्या मुलीने माझ्या शब्दावर घर केलं होतं.

तो टोप मी जसा केला तसा आयुष्यात दुसरा केला नाही. आखूड, साधा, कपाळावर केस मातीतून उगवावेत तसा. तीन वेळा उसवला. घातल्यावर त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या माणसालाही कळलं नसतं.

वर्ष-दीड वर्षाने शुभांगी दुकानात आली. एकटीच. तिला पायऱ्या चढताना पाहिलं आणि माझं धाबं दणाणलं. जी गोष्ट उल्हास बोलला नव्हता ती आता ही बोलणार. मीच आधी सुरुवात केली. म्हटलं, बाये, मी त्या दिवशी येतील म्हणालो होतो.

"तुमचे आयले," ती म्हणाली. "तितलें खरें आशिल्लें."

मग तिने पिशवीतून कागदात गुंडाळलेला टोप काढून टेबलावर ठेवला. धुतलेला, विंचरलेला. मला वाटलं कुठे उसवला असेल. मी उलटून बघायला लागलो.

"कांय जावंक ना ताका," ती म्हणाली. "टोप घातलो काय आमचें ल्हान चेडूं रडता. बापायक वळखना. आतां हेच घालूंक नाका म्हणतात. तुमच्या नाटकाक उपयोगी पडतलो."

मी टोप हातात धरून बसलो. माझी कारागिरी अशी परत येईल आणि त्याचं मला वाईट वाटणार नाही, असं कोणी सांगितलं असतं तर मी त्याला दुकानाबाहेर काढला असता. ती निघाली तेव्हा मी पायरीपर्यंत गेलो. समोर, मासळीच्या टोपल्या आणि भाजीवाल्या यांच्या मधोमध, भर उन्हात उल्हास उभा होता. डोक्याला रुमाल नाही, टोपी नाही. खांद्यावर पोर बसलेली, आणि ती दोन्ही हातांनी बापाच्या डोक्यावर ताल धरून बडवत होती. बाजारातली माणसं वळून बघत होती. उल्हासची नजर माझ्याकडे गेली. त्याने मान हलवली, ओळखीचं हसला, आणि तिचे हात डोक्यावरून काढले नाहीत.